बाबांचा आवळ्याचा रस

माझं काम पांढऱ्या उंदरांवरचं. अबुधाबीतल्या प्रयोगशाळेत आम्ही त्यांना चरबीचं खाणं देऊन कोलेस्टेरॉल वाढवतो, मग ते कशाने उतरतं ते पाहतो. या खेपेला औषध होतं आवळ्याचा रस. एका गटाला रस, दुसऱ्याला माणसं घेतात तीच गोळी पाण्यात विरघळवून, तिसऱ्याला नुसतं पाणी. रस बोथट नळीने थेट पोटात सोडावा लागतो. उंदीर हातात थरथरतो, मग निमूट होतो.

मी अबुधाबीतच, खलिफा सिटीत राहते. आईबाबांचं घर दुबईला, अल मनखूलमध्ये. बाबांनी तिथल्याच शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. मी शनिवारी जेवायला गेले की बाबा दारातच विचारायचे, "काय म्हणते तुझी मंडळी?"

"तोंड वाकडं करतात, बाबा."

"मग लागू पडणार. गोड औषधाने कुणी बरं होतं का?"

आई आतून ओरडायची, "उंदीरपुराण जेवण झाल्यावर. यल्ला, चला, ताटं घ्या!"

बाबांच्या पुढ्यातही रसाचा पेला असे. मला त्यात वावगं वाटलं नाही. आवळा कोण पीत नाही?

प्रयोग संपायच्या आत बाबा गेले. सकाळी फिरून आले आणि इमारतीतल्या लिफ्टपाशी कोसळले. पूर्वी त्यांच्या हृदयाला स्टेंट बसवला होता. दुखणं जुनंच, असं मी मनाला समजावत राहिले.

तेराव्यानंतर त्यांची औषधं आवरताना कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा खोका हाती आला. मला तो रिकामा किंवा अर्धामुर्धा असेल असं वाटलं होतं. तो भरलेला होता. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

"आई, या गोळ्या?"

"त्या बंद होत्या ना. तुझ्या प्रयोगात होते ते."

"माझ्या?"

"रसाच्या गटात." आई माझ्याकडे बघतच राहिली. "तुला माहीत नव्हतं?"

आई भराभर सांगू लागली. एका प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, बाबा म्हणाले होते. गोळी आणि रस दोन्ही घेतलं तर कोलेस्टेरॉल कशाने उतरलं ते कसं कळणार? वर्गात पोरांना शिकवायचे तेच वाक्य. म्हणून गोळी बंद, आणि रोज सकाळी रस. तो आईच काढून द्यायची.

"माझ्या हाताने दिला गं मी," ती म्हणाली. "रसाने काही झालं असेल का त्यांना?"

"रसाने नाही, आई." मी म्हणाले. गोळीबद्दल तिने विचारलं नाही. मीही काही बोलले नाही.

रजा संपवून कामावर गेले. प्रयोग पुरा झाला होता. शेवटी उंदरांना भूल देऊन रक्त काढतात, त्यानंतर ते जागे होत नाहीत. पिंजरे धुऊन उपडे घातले होते. आकडे पडद्यावर आले. पाणीवाल्यांचं कोलेस्टेरॉल चढलेलंच. रसवाल्यांचं उतरलं होतं, जवळजवळ गोळीवाल्यांइतकं. सहकारी अभिनंदन करत होते. ज्या रसासाठी बाबांनी गोळी सोडली, तो उंदरांना लागू पडला होता. प्रयोग फसला असता तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं, आणि तो फसला नव्हता.

संध्याकाळी आईचा फोन आला. "लागला का निकाल?"

"लागला."

"उतरलं का गं?"

हो म्हटलं तर तिच्या मनावरचं ओझं उतरणार होतं. पण नुसतं हो म्हणणं खरं नव्हतं. बाबांच्या घरात तरी नव्हतं.

"उंदरांचं उतरलं, आई. माणसाने त्यासाठी गोळी सोडायची नसते."

चाळीस वर्षं तिने एका विज्ञानशिक्षकाबरोबर संसार केला होता. तिला कळलं होतं.

"तुझ्या उंदरांचं ज्या दिवशी तपासतील, त्याच दिवशी आपलंही रक्त देऊ म्हणत होते," ती म्हणाली. "यांचं तपासायचं राहिलंच."