संत्रं सोलणारे दाजी

अख्ख्या पुणे जिल्ह्यात फळांशी उभा दावा मांडलेला एकच माणूस होऊन गेला असेल, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. फळं आवडत नसती तर गोष्ट निराळी. पण दाजींचा जीव होता फळांवर. नारायणगावच्या बाजारातून ते पिशवी भरून संत्री आणायचे आणि घरी आल्यावर त्या पिशवीकडे, घरात विंचू शिरल्यासारखं लांबूनच बघत बसायचे. "संत्रं लई गुणाचं, पावणं," मला सांगायचे, "पन खोडीचं. कौतुकानं हातात घ्यावं, तर पयल्या नखालाच डोळ्यात थुंकतं."

मी त्यांचा मेहुणा, म्हणून 'पावणं'. कॉलेजसाठी नव्वदच्या सुमारास मी निमगाव सावाला अक्काकडे तीन वर्षं राहिलो, त्यांच्या ताटाला ताट लावून जेवलो, तरी पावणाच राहिलो. घरची शेती दाजींचे थोरले भाऊ बघायचे आणि दाजी ओसरीवर मशीन टाकून शिवणकाम करायचे. नवरदेवांचे नेहरू शर्ट, म्हाताऱ्यांच्या पैरणी, पुढाऱ्यांचे पायजमे, सगळं कसं दुधासारखं पांढरं. फळांचं वाकडं आलं ते इथंच. एका लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी ओसरीवरच डाळिंब फोडलं आणि एक दाणा उडून नवरदेवाच्या तयार शर्टावर, बरोबर उजव्या छातीवर जाऊन फुटला. लिंबू झालं, मीठ झालं, साबण झाला. डाग गुलाबीचा जांभळा झाला, पण हलला नाही. शेवटी दाजींनी उरलेल्या कापडाचा जादा खिसा कापून त्यावर ठोकला. मांडवात तो दोन खिशांचा नवरदेव असा काही रुबाबदार दिसला, की त्या हंगामात पंचक्रोशीतल्या पाच जणांनी हट्टानं दोन खिसे मागितले. दाजींनी ते मुकाट शिवून दिले. पण ओसरीवर फळ यायचं बंद झालं ते कायमचं.

मग संत्रं खायची त्यांची स्वतंत्र पद्धत निघाली. अंगातला सदरा काढायचा, गळ्याला पंचा बांधायचा, मागच्या अंगणात दगडावर बसायचं आणि पाण्याने भरलेल्या बादलीत दोन्ही हात बुडवून आत संत्रं सोलायचं. "पिचकारी मारायची ना? मार आता पान्यात!" असं ते त्याला बजावायचे. साल निघाली की फोडींवरच्या पांढऱ्या शिरा एकेक करून, टीप उसवावी तशा काढायच्या. मग फोडीची पातळ कातडी. मग बिया. त्यांचं एक संत्रं खाण्याजोगं होईपर्यंत अर्धा तास जायचा आणि तोवर आम्ही बाकीची पिशवी संपवलेली असायची. आंब्याच्या दिवसांत तर ते मोरीचं दार लावून आत बसायचे. अक्का दाराच्या फटीतून पाडाचा आंबा आत सरकवायची आणि आतून आवाज यायचा, "जरा दमानं दे, आधीचा कोपरापातुर आलाय."

सीताफळानं मात्र त्यांना भर रस्त्यात गाठलं. एकदा नारायणगावच्या स्टँडवर त्यांनी सीताफळ तोंडात घेतलं आणि तेवढ्यात एस.टी. लागली. तोंडभर बिया घेऊन दाजी गाडीत चढले. गाडीत थुंकणं शक्य नाही. खिडकीतून थुंकावं, तर मागच्या खिडकीतल्या माणसाचे कपडे! कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" दाजींनी हातानं गावाची दिशा दाखवली. शेजारच्या म्हातारीला कळवळा आला. "मुका दिसतोय बिचारा," ती म्हणाली. कंडक्टरही मऊ माणूस. खुणा करकरून त्यानं तिकीट दिलं आणि निमगाव आल्यावर दाजींना दंडाला धरून खाली उतरवलं. महिन्याभरानं तोच कंडक्टर पँट सैल करायला ओसरीवर आला. दाजी म्हणाले, "किती इंच सोडू?" तो दोन पावलं मागंच सरला. "राव," म्हणाला, "तुमाला वाचा कवा फुटली?"

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण माझी भाची वैशाली लग्नाची झाली आणि दाजींच्या संत्र्यानं हसू थांबवलं. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो, पण पाहुणे बघायला आले की अक्काचा निरोप यायचा आणि मी हजर व्हायचो. पोहे, चहा झाला की दाजी प्रत्येक पाहुण्यापुढे एकेक अख्खं संत्रं ठेवायचे. शिक्षण, शेती, विहिरीचं पाणी असलं काही ते विचारायचे नाहीत. मुलगा संत्रं कसं खातो ते नुसतं बघायचे. "मानूस बोलन्यात फशिवतो, संत्र्यात न्हाई," हे त्यांचं ठाम मत. पहिल्या मुलानं साल दातानं ओढली, गेला. दुसरा म्हणाला, "मला सर्दी होते", तोही गेला. तिसऱ्यानं अगदी सफाईनं सोललं, पण सगळी सालं आणि बिया आपल्या बापाच्या बशीत टाकल्या. हा नकार मात्र मलाही पटला. असं करता करता दोन वर्षं गेली. भावकीत कुजबूज सुरू झाली की मुलीतच काही खोट असेल. पाहुणे येणार म्हटलं की वैशालीचा चेहरा उतरायचा.

चौथा मुलगा पेठचा होता. हायवेला त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. बोटं पान्यासारखी जाड, नखांच्या कडेला ग्रीस. त्यानं संत्र्यात अंगठा घातला तो थेट मधोमध रुतला, आणि चिळकांडी उडाली ती समोर बसलेल्या दाजींच्या चष्म्यावर. त्याचा बाप डोळे मिटून बसला. मुलगा मात्र ताडकन उठला, "माफ करा हां," म्हणत त्यानं दाजींचा चष्मा हलकेच काढला आणि आपल्या नव्या शर्टाच्या टोकानं पुसायला लागला. पुसता पुसता काचेवर रस आणखी पसरला. दारामागून वैशालीचं हसू फुटलं. दोन वर्षांत त्या घरात ती पहिल्यांदा हसली होती.

पाहुणे गेल्यावर दाजी म्हणाले, "न्हाई."

"मला पसंत हाये," वैशाली आतूनच म्हणाली.

दाजींनी मशीनला तेल घातलं आणि खाली मान घालून शिवत बसले. तो दिवस गेला, दुसरा गेला. मीही रजा वाढवून थांबलो. घरात मशीनचीच खडखड तेवढी ऐकू यायची. वैशाली जेवेना. पेठहून निरोप आला की काय ते सांगा, आम्हाला दुसरीकडं बघायला मोकळं करा. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का ओसरीवर आली. बावीस-तेवीस वर्षांच्या संसारात मी तिला दाजींपुढं आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही तिनं चढवला नाही. तिनं मशीनच्या चाकावर नुसता हात ठेवला. चाक थांबलं.

"त्या पोराचं काय चुकलं?" तिनं विचारलं.

"अगं, त्याला एक फळ नीट सोलता येत न्हाई. सवसार काय करनार?"

"तुमाला येतं. कबूल हाये. पन तुमी उठून गेल्यावर ती बादली कोन वततं? बिया कोन उचलतं? आंब्याची मोरी घासली का कधी? तुमच्या अंगावर डाग पडत न्हाई, आवो, कारन त्यो माज्या पदराला पडतोय. मी कधी बोलली न्हाई. मला काई तरासबी न्हाई त्याचा. पन माज्या पोरीला असा नवरा मिळत आसंल का जो सोता उठून पुसतोय, मग पुसाया येत नसंना का, तर तुमी आडवं येऊ नका."

एवढं बोलून ती आत गेली. मला वाटलं, आता काहीतरी जोरदार ऐकायला मिळणार. दाजींनी सुई दोऱ्यासकट रिळात खोवली, टोपी घातली आणि म्हणाले, "पावणं, पेठला जायला गाडी कवा हाये?"

दुकानात तो मुलगा एका मोटारीत कोपरापर्यंत हात घालून बसला होता. आम्हाला बघून त्याचा पार चेहराच पडला. दाजींनी खिशातून टेप काढला. "उठ. माप घ्यायचंय," म्हणाले. तो तसाच, ग्रीसचे हात लांब धरून उभा राहिला. दाजींनी छाती घेतली, खांदा घेतला, बाही घेतली. मग हळूच म्हणाले, "लग्नाचा शर्ट मीच शिवनार. खराब झाला तर झाला, शर्टच हाये त्यो." पोराच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हात भरलेले म्हणून त्याला ते पुसताही येईना.

लग्न चांगलं झालं. वैशाली पेठला सुखात आहे. पुढं दाजींची नजर मंदावली, शिवणकाम सुटलं. शेवटच्या काही वर्षांतल्या एका उन्हाळ्यात मी सहज गेलो होतो. अक्का पायरीवर जांभळं खात बसली होती, जीभ आणि ओठ निळेशार. दाजी मागच्या दगडावर वाकून तिचं लुगडं धूत होते. साबण लावायचे, चोळायचे, डोळ्यांजवळ आणून बघायचे आणि पुन्हा साबण लावायचे.

"दाजी, राहू द्या," मी म्हटलं. "जांभळाचा डाग आहे, नाही जायचा."

"म्हाईत हाये," ते म्हणाले. "शिंपी हाये मी."

आणि त्यांनी पुन्हा पाणी घेतलं.