न फिरणारा डाग

"थांबा मॅडम, उजेड परत येतोय." असं म्हणून आमचे जुने तंत्रज्ञ तळहात हवेत धरायचे, जणू समोरून खरंच कुणी येतंय.

नव्वदच्या दशकात पनवेलच्या आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पुण्याकडे जाणारी काचेच्या तंतूंची नवी केबल जोडली जात होती. बोलणं उजेड होऊन त्या तंतूंतून धावायचं. जोडावर धुळीचा कण राहिला, तरी थोडा उजेड तिथे आपटून मागे फिरतो आणि पुढच्या उजेडात मिसळून बोलणं बिघडवतो. ही सरमिसळ तपासून लाइन पास करायची, हे त्यांचं काम. कागदोपत्री मी त्यांची इंजिनिअर. पण शिकवायचे तेच.

ते जवळच्याच विचुंबे गावचे. सायकलवरून यायचे, हात धुवायचे, मग सूक्ष्मदर्शकापाशी बसायचे. तुम्हीही बघितली असतील अशी माणसं, कामाला हात लावायच्या आधी हात धुणारी. डोळा लावण्यापूर्वी तीनदा विचारायचे, "लाइट बंद हाय ना?" कारण तो उजेड दिसत नाही, पण डोळा जाळतो. "जल्माची सोबत हाय, पन तोंड काय बघितलं नाय," म्हणून हसायचे. एसीची घरघर ऐकत त्यांच्या शेजारी बसलं, की बाहेरचं पनवेल कुठेतरी लांब तरंगत असल्यासारखं वाटायचं. मला ते फार आवडायचं.

एकदा मात्र एका जोडावर ते तीन दिवस अडून बसले. "डाग हाय." मी बघितलं, तर काच स्वच्छ. मीटरवरही सगळं ठीक. साहेबांचे फोनवर फोन. शेवटी मी वैतागले.

"मग मला का दिसत नाही?"

"फिरवून दावतो. काच फिरली का डाग फिरतो. शेंबडं पोर पन सांगंल."

त्यांनी जोड हळूच फिरवला. भिंग पुसलं. दुसरा जोड लावून बघितला. मग उजव्याऐवजी डावा डोळा लावला.

"डाग फिरत नाय, मॅडम. माज्या डोल्यात हाय."

त्यांनी अहवालाचा कागद ओढला. मी त्यांचा हात धरला. "लिहू नका. हे टेबल जाईल तुमचं. डाव्या डोळ्याने बघत जा, मी कुणाला सांगणार नाही."

"तीन दिस लाइन अडवली आमी. कारन नको लिवाय?"

त्यांनी लिहिलं: जोडात दोष नाही. तपासणाऱ्याच्या उजव्या डोळ्यात आहे. खाली सही.

संध्याकाळी लाइन सुरू झाली. मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पुण्याहून कुणीतरी बोलत होतं. ते दोन्ही डोळे मिटून ऐकत राहिले.

"साफ हाय," ते म्हणाले. "आता आमी नसलो तरी चालंल."

चालणार नाही, असं मला म्हणायचं होतं. मी म्हटलं, "हो, साफ आहे."

सोमवारी त्यांची स्टोअरला बदली झाली.