क्रांतीचा कॉम्प्युटर झाला नाही

मी भागोजी. माणगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा शिपाई. पोरं मला मामा म्हणतात आणि जरा बिचकून असतात, कारण माझं तोंड फटकळ. पण क्रांतीच्या बाबतीत चूक माझी झाली, ती कबूल करायला मला लाज नाही.

झालं असं, की यंदा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे तास घरबसल्या ऑनलाइन करायची मुभा आली. पण ज्याला कॉम्प्युटर येतो त्यालाच, बाकीच्यांनी रोज वर्गात यायचं. यादी करायचं झेंगट लॅबप्रमुख सुजित सरांनी माझ्या गळ्यात मारलं. आता आमच्याकडे कॉम्प्युटर 'येतो का' असं कोण विचारतं? 'झालाय का' असंच विचारतात. तीन महिन्यांचा कोर्स करायचा, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावायचं, की झाला कॉम्प्युटर. मीही तसंच विचारत सुटलो.

"क्रांती, तुझा कॉम्प्युटर झालाय?"

"न्हाय, मामा."

लिहिलं 'नाही'. चला, पुढचा!

क्रांती हरिहरेश्वरची. एकोणतीस वर्षांची, दोन लेकरांची आई. लग्नात सुटलेलं शिक्षण तिनं हट्टानं पुन्हा धरलं होतं. घराच्या चार खोल्या पर्यटकांना देते, त्यांचा स्वयंपाकही तीच करते. रोज एसटीनं माणगावला ये-जा करायची म्हणजे अख्खा दिवस गेला; दोन वर्षं तिनं ती कशीबशी निभावली होती. चार दिवसांनी ती कॉलेजातून नाव काढायला आली.

"एवढं एकच वर्ष राहिलंय आणि आता माघार? डोकंबिकं फिरलं काय तुझं?" मी खेकसलो.

"काय करू, मामा? माझा कॉम्प्युटर झाला न्हाय ना."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पुण्याचं एक कुटुंब वाटेत रस्ता चुकलं होतं. या बाईनं उभ्या उभ्या त्यांना नकाशा पाठवला, खोल्यांचे फोटो पाठवले, जेवणाची यादी पाठवली. मध्येच दुसऱ्या कुणाची तरी बुकिंगची तारीख बदलून दिली, तीही हिंदीत लिहून. मी आ वासून बघत राहिलो.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"ह्यात काय शिकायचं? फोन तर हाय."

अरे देवा! ज्यांच्या नावापुढे मी झोकात 'हो' लिहिलं, त्यातल्या निम्म्यांना साधी फाईल पाठवता येत नाही. मामा, मामा करत माझ्याकडेच धावत येतात.

तिला घेऊन तडक सरांकडे गेलो. यादी त्याच संध्याकाळी विद्यापीठाला जायची होती. सर म्हणाले, "बसवा तिला मशीनवर, बघू."

क्रांती खुर्चीत बसली आणि तिनं पडद्यावरच्या चित्रावर बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं, जरा दाबून. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तिनं हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. मला फार वाईट वाटलं. तिला तिथं मीच आणून बसवलं होतं.

"बघा भागोजी, येत नाही तिला," सर म्हणाले. माणूस वाईट नाही, पण कागदावर चालणारा.

"सर, तास फोनवरच ऐकायचेत ना? 'हो'वाली पोरंही फोनवरच ऐकणार. आणि माउस धरायला मी तिला आत्ता दहा मिनिटांत शिकवतो."

"अहो, पण तिच्याकडे सर्टिफिकेट कुठाय? उद्या मला कुणी विचारलं तर?"

माझं टाळकं सटकलं. "मग हजेरीपटावरून माझंही नाव काढा, सर! बावीस वर्षं ही मशीनं मी सांभाळतोय. तुमचं बंद पडलं की तुम्ही मलाच हाक मारता. माझा तरी कुठं झालाय कॉम्प्युटर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं. मग पेन काढून क्रांतीच्या नावापुढचं 'नाही' खोडलं आणि बाजूला सही केली.

बाहेर आल्यावर क्रांतीनं हळूच विचारलं, "मामा, खरंच तुमचा पण झाला न्हाय?"

"नाही गं बाई," मी म्हणालो. "मला कुणी विचारलंच नाही."