खोली उघडली की रेघ

आता गावात पाट्या छापून येतात. सकाळी सांगा, दुपारी टांगा. गुळगुळीत, चकचकीत, आणि दोन उन्हाळ्यांत अशा फिक्या पडतात की दुकानाचं नाव वाचायला दुकानदारालाच बाहेर बोलवावं लागतं. पण तेव्हा पाटी म्हणजे पेंटर, आणि पेंटर म्हणजे एकच. बस थांब्यामागे पत्र्याच्या छपराखाली त्याचं दुकान होतं आणि गंमत अशी की त्या दुकानाला पाटी नव्हती. टर्पेंटाइनचा वास चौकापर्यंत यायचा, तीच पाटी. विचारणाऱ्याला लोक सांगायचे, नाक जाईल तिकडे जा.

गावातली निम्मी पोरं अक्षरं पुस्तकात कमी आणि पेंटरच्या पाट्यांवर जास्त शिकली. पिठाच्या गिरणीवरचा त्याचा ‘ग’ इतका डौलदार होता की शाळेतल्या बाई पोरांना तो बघून यायला पाठवायच्या. दंतवैद्याच्या पाटीवर त्याने मोठ्या हौसेने आख्खा जबडा काढला होता. वर्षभराने कुणा रिकामटेकड्याने त्यातले दात मोजले, ते चौतीस भरले. दंतवैद्य तणतणत दुकानात आला. पेंटर शांतपणे म्हणाला, “डॉक्टर, दोन काढून टाका. धंदा तुमचाच आहे.”

काम घेतलं की तो आधी जागा बघायला जायचा. पाटी कुठे टांगणार, माणूस ती कुठून वाचणार, हे पाहिल्याशिवाय अक्षराची उंची ठरायची नाही. मग तो पाठमोरा, एकेक पाऊल मागे टाकत रस्ता ओलांडायचा. एकदा असाच चालत चालत गटारात गेला, तर गुडघाभर घाणीत उभा राहून म्हणाला, इथून सहा इंची अक्षर पुरेल.

आणि त्याचा एक नियम होता. अक्षरं तो दुकानात रंगवायचा, पण त्यांच्या डोक्यावरची रेघ तिथे मारायचा नाही. पाटी जागेवर टांगायची, दुकानाचं दार उघडायचं, आत माल दिसला पाहिजे. मगच पेंटर स्टुलावर चढणार, श्वास कोंडून, चपट्या ब्रशने एका दमात रेघ ओढणार. तोवर अक्षरं टोपी हरवलेल्या माणसांसारखी ओशाळून उभी. हा नियम त्याच्या वस्तादांचा. वस्तादांनी तरुणपणी एका लॉजची भलीमोठी पाटी केली होती. लॉज काही झालं नाही, पाटी मात्र मोकळ्या जागेवर नऊ वर्षं उभी होती, आणि बॅगा घेऊन उतरलेले प्रवासी मालकाला सोडून वस्तादांना शिव्या घालत होते. तेव्हापासून वस्ताद सांगायचे, अक्षर गिऱ्हाइकाचं, रेघ आपली.

हा एक नियम सोडला तर माणूस मेणाहून मऊ. ‘मनाई’ हा शब्द त्याने गावातल्या शेकडो भिंतींवर लिहिला, तोंडाने एकदाही उच्चारला नाही.

त्याला एक मुलगी. तिचं सगळंच सावकाश. चालायला लागली ती उशिरा, बोलायला लागली ती त्याहून उशिरा, आणि एखादी गोष्ट सांगितली की ती आत जाऊन बसेपर्यंत सांगणारा कंटाळून निघून गेलेला असायचा. पेंटर तिला निवांतबाई म्हणायचा. दहा वर्षांची झाली तरी चपलेचा डावा-उजवा पाय तिला कळत नसे, पण रंगाच्या डब्याचं झाकण ती डोळे मिटून ओळखायची. सुटीच्या दिवशी दुकानात बसून ब्रश धुऊन द्यायची. एक ब्रश, एक तास. तितका स्वच्छ ब्रश मात्र आख्ख्या गावात सापडला नसता.

शाळेत ती चार वर्षं शेवटच्या बाकावर बसली. कुणी तिला त्रास दिला नाही, हे खरं. कुणी काही दिलंच नाही. दरवर्षी ती बाकासकट वरच्या वर्गात सरकायची. तिची आई घरी शिवणकाम करायची आणि तिच्या जिभेलाही सुईचंच टोक होतं. गावाला अक्षरं वाटता, घरातल्या एकीला चार येईनात, असं ती नवऱ्याला ऐकवायची. तिच्याच तगाद्याने पेंटरने वरच्या कार्यालयाला तीन अर्ज केले होते: आमच्या मुलीसारख्यांना शिकवणारी कुणी बाई मिळावी. अर्ज सुंदर अक्षरात होते. उत्तर एकाचंही आलं नाही.

आणि मग एके दिवशी शाळेचा शिपाई सायकल दामटत आला. हेडसरांनी तातडीने बोलावलंय, पाटी करायची आहे. मजकूर काय, तर ‘विशेष शिक्षण कक्ष’.

पेंटर ब्रश तसाच डब्यात टाकून आधी घरी पळाला. बायकोला सांगितलं, अर्ज पोचले बघ. बायकोने मशीन थांबवलं. ही बाई आग लागली तरी शिवण पुरी करून उठणारी. पण त्या दिवशी उठली, नवऱ्याला धुतलेला सदरा काढून दिला आणि म्हणाली, अक्षर मोठं काढा, लांबून दिसू दे.

शाळेत गेल्यावर पेंटरने आपल्या पद्धतीप्रमाणे आधी खोली दाखवा म्हटलं. शिपायाने त्याला जिन्याखालच्या अडगळीसमोर नेऊन उभं केलं. दाराला कुलूप. खिडकीच्या फटीतून आत मोडके बाक, हवा गेलेले चेंडू, काटा अडकलेलं वजनाचं यंत्र आणि गुंडाळलेले नकाशे दिसत होते. पेंटरला वाटलं, आज-उद्या साफ करतील. कौतुकाने त्याने पाठमोरं चालून अंतर मोजलं, चार इंची अक्षर ठरवलं आणि हेडसरांकडे गेला.

हेडसर वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि आपल्याच घरातल्या माणसाला सांगावं तसं सगळं सांगून टाकलं. परवा तपासणी आहे. कक्ष काय, कागदावर तीन वर्षांपासून आहेच. चित्रकलेचे सर त्याचे शिक्षक म्हणून दाखवलेत. सोय दाखवली नाही तर शाळेचा दर्जा घसरतो, आणि शिक्षक मागायला गेलं तर वरून विचारतात, आधी कक्ष कुठाय? मग करायचं काय माणसाने? फक्त पाटी राहिली होती.

“आणि तुमची मुलगी आहे ना त्यात,” हेडसर वही उघडत म्हणाले. “हे बघा. पहिल्या नंबरावर.”

पेंटरने पाहिलं. अकरा मुलांची यादी. पहिलं नाव निवांतबाईचं, शाळेतलं, पूर्ण. पुढे रोजचे दोन तास आणि त्यापुढे तीन वर्षांत तीनदा एकच शेरा: प्रगती समाधानकारक. हेडसर खुलासा केल्यासारखे पुढे बोलत होते. तुमचे अर्ज आले होते वरून चौकशीला. आम्ही कळवलं, सोय उपलब्ध आहे. मिटलं प्रकरण.

पेंटरचा चहा गार झाला. उठताना हेडसरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जवळची दुसरी शाळा अठरा किलोमीटरवर आहे, तिथे हिला कोण बसू देणार, आपण इथे सांभाळून घेतोय. आवाजात धमकी नव्हती. असती तर पेंटरला बरं वाटलं असतं.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती शिवत राहिली. एक बाही पूर्ण झाली, दुसरी झाली. पेंटर उंबऱ्यावर बसून नखातला रंग काढत होता. पाटी केली नाही तर दुसरं कुणी खडूने लिहील, असं तो म्हणाला. मग म्हणाला, केली पाहिजे. मग म्हणाला, कशी करू.

“काढून टाकलं तिला, तर?” त्याने शेवटी विचारलं.

बायकोने दाताने दोरा तोडला. “कशातून काढतील? आहे कुठे ती?”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेंटरने पाटी रंगवली. पांढऱ्यावर निळी अक्षरं, चार इंची, त्याने आयुष्यात काढलेली सर्वांत चांगली, असं लोक पुढे म्हणायचे. संध्याकाळी नेऊन अडगळीच्या दारावर टांगली. बिनरेघेची. हेडसर बघायला आले, मान तिरकी केली आणि म्हणाले, अहो, हे काय, वरची दोरी तुटून कपडे लोंबल्यासारखं दिसतंय. पेंटर म्हणाला, रेघ सकाळी, जागेवर. त्याची ही पद्धत सगळ्या गावाला ठाऊक होती. हेडसरांच्या घरावरची नावाची पाटीही तशीच झाली होती. पद्धतीचं कारण मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

सकाळी तपासणीच्या बाई आल्या तेव्हा पेंटर दाराच्या कडेला स्टुलावर उभा होता. एका हातात ब्रश, दुसऱ्यात डबा. हेडसर खालून दबक्या आवाजात घाई करत होते आणि पेंटर हो हो म्हणत होता, कारण दुसरं काही म्हणायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती. हात मात्र हलत नव्हता. बाई उंच, चष्मा लावलेल्या, बोलायला मोजक्या. चार पावलं पुढे गेल्या आणि परत आल्या.

“का थांबलात?” त्यांनी विचारलं.

“खोली उघडायची वाट बघतोय.”

“म्हणजे?”

“खोली उघडली की रेघ मारतो, मॅडम. आत काही असल्याशिवाय मारत नाही. वस्तादांनी शिकवलंय.”

बाईंनी किल्ली मागितली. हेडसर म्हणाले, किल्ली कक्षाच्या शिक्षकांकडे असते आणि शिक्षक आज रजेवर आहेत. त्याच क्षणी चित्रकलेचे सर रंगीत खडूंचा डबा घेऊन समोरून गेले आणि त्यांनी सगळ्यांना आदराने नमस्कार केला. शिपायाने कुणी न सांगता खिशातून किल्ली काढली. दार उघडलं तसा एक मोडका बाक, इतकी वर्षं दाराला टेकून उभा असलेला, सावकाश बाहेर आला आणि बाईंच्या पायाशी आडवा झाला.

बाईंनी पाटीला बोट लावलं, बोटाला निळा रंग लागला.

“ही कधी केली?”

“काल,” पेंटर म्हणाला. स्टुलावरून खाली उतरला, ब्रश कशावर ठेवावा ते कळेना म्हणून हातातच धरून राहिला. “माझी मुलगी या वर्गात आहे, मॅडम. तीन वर्षं. पहिल्या नंबरावर. मला परवा कळलं.”

बाईंनी आवाज चढवला नाही. हेडसरांच्या खोलीत बसून दोन तास लिहिलं. यादीतल्या अकराही मुलांना बोलावून प्रत्येकाजवळ पाचपाच मिनिटं बसल्या. निवांतबाईजवळ वीस मिनिटं, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर यायलाच दहा लागली. बाई थांबल्या. हेडसरांना त्यांनी एवढंच विचारलं की अर्जांच्या चौकशीला ‘सोय आहे’ असं उत्तर गेलं त्यावर सही कुणाची. आणि हेडसरांनी, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं, माझी, असं सांगितलं. बाईंनी प्रत्येक पानावर त्यांची सही घेतली, साक्षीदार म्हणून पेंटरचीही. गावभर ज्याचं अक्षर मिरवत होतं त्या माणसाची सही त्या दिवशी कोंबडीच्या पायांसारखी आली.

पुढचे चार महिने वाईट गेले. शाळेचं नवं काम पेंटरला कायमचं बंद झालं. निम्मे लोक म्हणाले, शाळेचं नाव घालवलं. उरलेले म्हणाले, शाबास, पण हळू म्हणाले. रोज सकाळी पोरगी दप्तर घेऊन निघाली की नवरा-बायको तिच्या परत येण्याकडे कान लावून बसत. पण तिला बाकावरून कुणी उठवलं नाही. तिचं नाव आता अशा कागदावर होतं जो कुणीतरी पुन्हा बघणार होतं.

नव्या सत्रात ती खोली रिकामी झाली, चुना लागला, आणि एक तरुण बाई आली. तिच्या पिशवीत बाटल्यांची झाकणं, बिया, दोऱ्या, सँडपेपर. पेंटरने राहिलेली रेघ मारली तेव्हा तिने वर पाहिलंसुद्धा नाही. ती निवांतबाईच्या चपलांना दोन रंगांच्या दोऱ्या बांधत होती. पेंटर दारात घुटमळला. बाई म्हणाली, तुम्ही निघा आता, तुम्ही असलात की ती तुमच्याकडे बघते.

सहामाहीला तिने घरी एक कागद पाठवला. दोन्ही बाजूंनी भरलेला. पेंटरने तो मोठ्याने वाचला, बायको मशीन थांबवून ऐकत होती. वीसपर्यंत वस्तू मोजते, पंधरानंतर एकदा थांबते. चपला स्वतः घालते. स्वतःचं नाव ओळखते, लिहीत नाही. बसचा नंबर वाचला, दोनदा बरोबर, एकदा चूक. घाई केली की रडते. रागावली की टेबलाखाली जाऊन बसते, दहा मिनिटांनी आपण होऊन येते.

बायकोने पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. पेंटरला वाटलं, आता ही रडणार. पण ती भांडायच्या सुरात म्हणाली, “टेबलाखाली? घरी तर कधी बसत नाही.”

“अगं, घरी टेबल कुठाय आपल्याकडे?”

तिने चारी भिंतींकडे पाहिलं, जणू मोजून खात्री करत होती. मग पदराने कागदावरचा नवऱ्याच्या बोटाचा रंगीत ठसा पुसायला गेली, तो आणखीच पसरला.