शेवटचा बाण

रुग्णांचे रिपोर्ट सुरक्षितपणे क्लाउडवर न्यायला ती मंगळवेढ्याहून आमच्या दवाखान्यात आली होती. तिचं नाव विचारायचं माझ्या यादीत होतं, राहूनच गेलं.

फळ्यावर तिने एकात एक तीन चौकोन काढले आणि आत जाणाऱ्या रस्त्यांचे बाण. बाहेर वेबसाइट, मधे काम करणारा प्रोग्राम, सगळ्यात आत रिपोर्टचा डेटाबेस. प्रत्येक बाणावर बोट ठेवून विचारायची, "ह्यो रस्ता कशाला?" उत्तर डळमळलं की बाण पुसायची.

"मला घरून थेट डेटाबेस उघडता यायला हवा," मी ठणकावलं.

"ताई, तुमाला उघडला म्हंजे चोरालाबी उघडला की."

काम संपल्यावर तिने स्वतःचा प्रवेशही बंद केला आणि फळ्यावरचा तिच्या रस्त्याचा बाणही पुसला.

"अहो, अडलं तर तुम्ही आत कशा येणार?" मी विचारलं.

"तुमी दार उघडाल तवाच की."