मालक हरवलेली जनावरं

ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणत. वयामुळे नव्हे, स्वभावामुळे. कुणाचा प्रोग्राम अडला की तो मुकाट्याने तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा. मावशी चष्मा कपाळावर सरकवायची आणि विचारायची, "आधी काय बदललंस ते सांग."

त्या दिवशी मात्र तिचंच घोडं अडलं होतं. काम जनावरांच्या एका दवाखान्याचं. डेटाबेसमध्ये एका टेबलात जनावरं, दुसऱ्यात मालक. प्रत्येक जनावर आपापल्या मालकाच्या नोंदीला जोडलेलं. आता एका जनावराला दोन मालक लिहायची सोय हवी होती. जुनी माहिती नव्या मांडणीत हलवायचं हे मायग्रेशन सकाळपासून अर्ध्यावर येऊन बसकण मारत होतं. कारण काही जनावरं ज्या मालकाकडे बोट दाखवत होती, त्याची नोंदच उरली नव्हती.

शेजारचा घाईनाना खुर्ची ओढत आला. "उडव ना त्या नोंदी, मावशी! मालक नाही म्हणजे कचराच."

"कचऱ्याला गेल्या महिन्यात कुणी इंजेक्शन दिलं असतं का?" तिने पडद्यावरची तारीख दाखवली. घाईनानाने खुर्ची मागे घेतली.

मावशीने थेट दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"अहो, मालक वारले की आम्हीच त्यांची नोंद काढून टाकतो," त्या म्हणाल्या. "लसीची आठवण देणारा मेसेज वारलेल्या माणसाच्या नावाने आला, की घरच्यांना भरून येतं हो."

"आणि जनावर?"

"ते मुलीकडे जातं, नाहीतर शेजाऱ्यांकडे..." बाई थबकल्या. "अगं बाई! म्हणजे त्यांना मेसेज जातच नाहीत?"

मावशीने डेटाबेसची वेगळी प्रत काढली आणि एका दमात होणारं काम तोडून टप्प्याटप्प्याने केलं. आधी मालकाची जागा रिकामी ठेवायची मुभा. मग दवाखान्याने फोन करून शोधलेले नवे सांभाळकर्ते त्या जागी. सगळ्यात शेवटी कडक नियम: जनावर जोडलेलं असेल तर मालकाची नोंद पुसताच येणार नाही, 'वारले' अशी खूण करायची, की मेसेज आपोआप बंद. प्रतीवर सगळं सुरळीत पार पडलं, तेव्हाच तिने खऱ्या माहितीला हात लावला. सगळी माहिती एकही नोंद न गमावता हलली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. एका दिवंगत शिक्षिकेची म्हातारी मांजर घेऊन त्या शिक्षिकेच्याच इमारतीचा रखवालदार दवाखान्यात आला होता. मोबाइल पुढे धरून सगळ्यांना मेसेज दाखवत होता.

"म्हणतो, बघा, लिहिलंय, 'तुमची मांजर'."

मावशीने चष्मा कपाळावर सरकवला. मग हळूच म्हणाली, "लस टोचलीत ना तिला?"