आयचं लुगडं आणि स्टीलचा डबा

बायांनो, आज महाडच्या बाजारात माझं डोकंच फिरलं.

जुन्या कपड्यांच्या पर्स शिवून मी विकते. आज आमच्या शेजारणीनं त्यातली हिरवी पर्स उचलली आणि चार माणसांत रडायलाच लागली. "गो, ही माझ्या आयच्या लुगड्याची! आठवण हाय, फुकट दे."

कसली आठवण? आय गेल्यावर हेच लुगडं हिनं माझ्या पडवीत बसून बोहारणीला दिलं नि स्टीलचा डबा घेतला. बोहारणीकडनं मी ते विकत घेतलं, तर ही मलाच म्हणाली, "चिंध्या कसल्या गोळा करतेस?"

मी म्हटलं, "तो डबा आण, पर्स घेऊन जा."

तर रडणं थांबवून म्हणते, "डब्यात साखर भरलीय गो."

पर्स माझ्याकडंच हाय. तुमच्या शेजारी पण हायत का असल्या रडणाऱ्या?